डाकवाले भाऊ पडले ती दिवाळी

माझी शिलाई मशीन ओसरीत, रस्त्याकडे तोंड करून ठेवलेली आहे. उजेड तिथेच चांगला येतो. आमचं गाव रिसोड तालुक्यात, केनवडच्या रस्त्याला फाटा फुटतो तिथून आत. गावात कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या घरी पाहुणे उतरले, हे मला मान वर न करता कळतं. नुसत्या गाडीच्या आवाजावरून.

डाकवाल्या भाऊंची मोटारसायकल तर अर्ध्या गावाला ओळखू यायची. चढावर ती खोकल्यासारखी अडायची, मग एकदम उधळायची. माणूस साठीला टेकलेला, उंच, वाळका, खाकी शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारा. राहायचा शेजारच्या गावात. आमचं गाव, पलीकडचं एक गाव आणि टेकडीमागचा तांडा एवढी डाक त्यांच्याकडे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते सायकलवर यायचे. आता चिठ्ठ्या संपल्या, तरी त्यांचं ओझं काही कमी झालं नव्हतं. बँकेची पाकिटं, आधार कार्डं, पोरींनी मोबाइलवर मागवलेले ड्रेस, कुणाचं औषध, असं सगळं त्या गाडीवर लादलेलं असायचं.

बोलायला गोड नव्हते. "सही करा," "नाव नीट सांगा," "ज्याचं हाय त्यालेच बोलवा." एवढंच. पण माझे वडील आजारी असताना नागपूरहून त्यांची औषधं डाकेनं यायची, आणि ती या माणसानं एकदाही उद्यावर टाकली नाहीत. वडील शेवटची दोन-तीन वर्षं माझ्याकडेच होते. औषधाची पेटी हातात देताना भाऊ आत डोकावून विचारायचे, "बुढा कसा हाय?" वडील गेल्यावर पुढे कितीतरी दिवस दारावरून जाताना ते गाडी हळू करायचे.

दिवाळीला गावातल्या सगळ्या घरांतून त्यांना काहीतरी मिळायचं. कुणी फराळाची पिशवी द्यायचं, कुणी टॉवेल-टोपी. ते घ्यायचे, पण गोड घ्यायचे नाहीत. लाडू, करंजी पुढे केली की हात मागे. "दात दुखते ताई, गोड नको." मग मी त्यांच्यासाठी चिवडा वेगळा काढून ठेवायचे, खोबऱ्याचे काप जास्त घालून. दरवर्षी दिवाळीतच या माणसाचा दात कसा दुखतो, असं कधी मनात यायचं, पण कढईपुढे तो विचार टिकायचा नाही.

त्या वर्षी मी आणि माझ्या धाकट्या जावेनं ठरवलं, भाऊंना काहीतरी कामाचं द्यायचं. त्यांची खांद्यावरची बॅग फाटली होती. मी जाड कॅनव्हास आणला, आतून ताडपत्रीचं अस्तर लावलं, पाकिटांना वेगळा कप्पा, पेनाला वेगळा, आणि पट्ट्याला दुहेरी शिलाई मारली. दिवाळीच्या ब्लाउजांचा ढीग बाजूला सारून ती बॅग शिवली म्हणून दोन बायका माझ्यावर रुसल्याही. धनत्रयोदशीला भाऊ आले की सगळ्या बायांनी मिळून ती द्यायची, असं ठरलं होतं.

धनत्रयोदशीला दुपार कलली तरी ते आले नाहीत. सोयाबीन निघून गेलं होतं, नवरा शेतात हरभऱ्याच्या पेरणीला गेलेला. चुलीवरून रव्याच्या लाडवांचा पाक नुकताच उतरवून ठेवला होता आणि मी मशीनपाशी ब्लाउजांचे शेवटचे हुक टाचायला बसले होते. जाऊ आत रवा भाजत होती. गाडीचा आवाज आला. चढावर ती अडली, पण उधळली नाही. बंदच पडली.

मी मान वर केली. भाऊ गाडीवर तसेच बसले होते. दोन्ही पाय जमिनीला टेकवून, समोर बघत. मागे पार्सलांचा गठ्ठा दोरीनं बांधलेला. मग ते उतरले, गाडी स्टँडला लावायला गेले, आणि गाडी आडवी झाली.

"भाऊ, थांबा, मी येतो," असं कुणीतरी समोरून म्हणालं. तो समोरचा दुकानदार होता. तिशीतला पोरगा, किराण्याचं दुकान चालवतो, गावाचा मोबाइलवरचा ग्रुपही त्याचाच. त्याचं आणि भाऊंचं पटत नव्हतं. पोळ्याच्या सुमारास त्याच्या भावाच्या नावानं एक रजिस्टर पाकीट आलं होतं. तो पुण्याला कामाला, म्हणून यानं ते मागितलं. डाकवाल्यांनी दिलं नाही. चारचौघांत बाचाबाची झाली होती.

भाऊंनी त्याचा हात झटकला. "बाजूले सर. हात नको लावू," असं म्हणाले, आणि पुढे एक शिवी. मी हुक टाचायची थांबले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी शिवी ऐकली नव्हती.

ते ओसरीच्या पायरीशी आले. एक पार्सल माझ्यापुढे धरलं आणि भलत्याच बाईचं नाव घेतलं. तांड्यावरच्या.

"भाऊ, हे माझं नाही," मी म्हटलं.

"घ्या म्हनलं नं! कितीक येळा सांगू?" आवाज जड, जीभ लोळत होती. डोळे माझ्याकडे होते पण मला पाहत नव्हते. कपाळावरून घाम नुसता वाहत होता, आणि त्या दिवशी हवेत गारवा होता.

"बसा उलीसं. पानी देतो," मी म्हटलं.

"मले नका शिकवू," ते म्हणाले. एक पायरी चढले. दुसरीवर पाय ठेवला तो ठरलाच नाही. खांद्यावर आपटले, मग डोकं ओसरीच्या फरशीला लागलं. पार्सल लांब जाऊन पडलं.

जाऊ आतून पळत आली. तिच्या हातात उलथनं तसंच होतं. रस्त्यावरून दोघं-तिघं, मग दहा माणसं जमा झाली. दिवाळीच्या दुपारी माणसं मोकळीच असतात.

"पेला," दुकानदार म्हणाला. "पाहा, डाकवाला टाइट! ड्युटीवर!" त्याचा मोबाइल वर आला होता. "मले रजिस्टर देत नव्हता. कायदा सांगत होता मले."

कुणीतरी हसलं. एक म्हातारा म्हणाला, "सनावाराचं घेतली असन बिचाऱ्यानं." दुसरा म्हणाला, "उचला अन् झाडाखाली टाका, उतरन आपोआप."

मी खाली बसले. भाऊंच्या तोंडाजवळ नाक नेलं. दारूचा वास नव्हता. काहीच वास नव्हता. मान हाताला लागली ती थंड, चिकट, ओल्या कणकेसारखी. आणि तेव्हा मला माझे वडील दिसले. ते असेच एका सकाळी आईवर ओरडले होते, ताट भिरकावलं होतं, आणि मग न्हाणीच्या दारात कोसळले होते. साखरेच्या आजारावरची गोळी घेऊन जेवायचे राहिले होते. त्या वेळी डॉक्टरांनी मला समोर उभं करून सांगितलं होतं, शुद्ध नसेल तर पाणी घशात ओतायचं नाही, श्वासात जातं. कुशीवर वळवायचं, आणि गालाच्या आतून साखर चोळायची, बोटानं, थोडी थोडी.

"पाक आन," मी जावेला म्हटलं.

"कायचा पाक?"

"लाडवाचा! वाटीत आन, लवकर. गरम हाय का पाह्य."

ती हलली नाही. हळूच म्हणाली, "बाई, तुमाले पक्कं मालूम हाय का? दुसरं काही असलं तर?"

पक्कं मला काहीच माहीत नव्हतं. डोकं आपटलं होतं. झटका असेल, हृदय असेल. वडिलांचं एकदा पाहिलं म्हणून मी काही डॉक्टर झाले नव्हते. पण मला भाऊंचा तो दात आठवला. दर दिवाळीला दुखणारा.

"आन म्हनलं नं."

दुकानदार पायरीवर आला. मोबाइल अजून हातातच. "काकू, काही खाऊ-पिऊ नका घालू. उद्या मेला तर तुमच्या घरात मेला, तुमच्या हातानं मेला. पोलीस तुमालेच विचारतीन."

"तू गाडी पाह्य कोनाची मिळते ते."

"मी कायले? मी नाही बेवड्याले घेऊन जात."

जावेनं वाटी आणली. पाक कोमट होता, बोटाला तार येत होती. मी भाऊंना कुशीवर वळवलं. त्यांचे दात घट्ट मिटलेले होते. ओठ बाजूला ओढला, बोट पाकात बुडवलं आणि गालाच्या आत फिरवलं. पुन्हा. पुन्हा. पाक ओघळून माझ्या मनगटावर, त्यांच्या खाकी शर्टावर येत होता. काही होत नव्हतं. त्यांचा एक पाय मात्र थरथरत होता. चुलीवरचा रवा करपल्याचा वास आला, पण आत कुणी गेलं नाही.

"बाई, श्वास चालू हाय ना?" जाऊ रडायला लागली.

मी बोटाखाली बघत होते. त्यांची जीभ एकदा हलली. मला वाटलं भास झाला. मग त्यांनी गिळलं. मी आणखी पाक लावला. पुन्हा गिळलं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. वाटीच्या तळाला माझं बोट घासलं तेव्हा भाऊंनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. या वेळी खरंच माझ्याकडे.

"डाक," ते म्हणाले. "डाक कुठी हाय?"

गर्दीतल्या त्या म्हाताऱ्यानं हात जोडले.

मी नवऱ्याला फोन केला. त्यानं धुऱ्यापलीकडच्या, शेजारच्या शेतातल्या माणसाचा ऑटो पाठवला आणि स्वतःही आला. निघताना प्रश्न पार्सलांचा आला. गाडीवरचा गठ्ठा, फाटकी बॅग, आत काय काय, कुणाकुणाचं. दुकानदार म्हणाला, "माझं एक पार्सल हाय त्यात. मी काढून घेतो." आणि दोरीला हात घातला. भाऊ ऑटोत अर्धवट आडवे होते. तिथूनच ते उठायला लागले. तोंडातून शब्द नीट निघत नव्हते, पण हात पुढे आला होता.

माझी जाऊ तोवर डोळे पुसत होती. तिनं उलथनं खाली ठेवलं, तो गठ्ठा दुकानदाराच्या हातातून ओढला, ओसरीत नेला आणि त्यावर चक्क बसली. "ज्याचं हाय त्यालेच भेटन. जाय तिकडे." बुटकी बाई. पण मग तिच्याजवळ कुणी गेलं नाही.

रिसोडला जाईपर्यंत मी भाऊंच्या हाताला धरून होते. रस्त्यात ते मध्येच गुंगीत जायचे, मी हलवून जागं करायचे. दवाखान्यात रक्त तपासलं तर साखर तेव्हाही कमीच होती, पाक पोटात जाऊनसुद्धा. सलाइन लावली. डॉक्टर तरुण होत्या. भाऊंच्या खिशातून निघालेली गोळ्यांची पट्टी बघून म्हणाल्या, "या गोळ्यांचा असर लांबतो. आता बरं वाटलं म्हणून घरी न्याल तर पुन्हा पडतील. इथंच राहू द्या." मग भाऊंना विचारलं, सकाळी काय खाल्लं. त्यांनी काहीच नाही अशी मान हलवली. सणामुळे डाकेचा थैला उशिरा आला होता, सुट्टीआधी सगळं वाटून टाकायचं होतं. गोळी घेतली आणि निघाले. दारोदार लाडू पुढे येत होते आणि ते हात मागे घेत होते.

नवरा औषध आणायला गेला तेव्हा भाऊंनी मला जवळ बोलावलं.

"ताई, हे गावात सांगू नका."

"काय?"

"साखरेचं. घरीबी नाही सांगितलं मी. बायकोच्या भावाचा पाय कापला साखरेनं, मग तो गेलाच. ऐकलं तर जेवन सोडन ती. अन् हापिसात कळलं तर मले गाडीवर कोन बसू देईन? रिटायर व्हाले थोडकंच राह्यलं."

"भाऊ, लोक म्हनून राह्यले का तुमी पेले. मोबाइलवर घेतलं त्यानं."

"म्हनू द्या," ते म्हणाले.

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. नवरा औषधं घेऊन आला.

संध्याकाळी परत आलो तेव्हा दारोदार पणत्या लागल्या होत्या, आणि व्हिडिओ सगळ्या गावात गेला होता. गावातच नाही. माझ्या बहिणीनं जऊळक्याहून फोन केला, "तुह्या ओसरीतला बेवडा पाह्यला." त्यात भाऊ शिवी देत होते, डगमगत होते आणि पडत होते. मी पाक लावतानाचं त्यात काही नव्हतं. ते घेतलंच नव्हतं की कापलं, देव जाणे.

मी तशीच रस्ता ओलांडून दुकानात गेले. गिऱ्हाइकं होती. रांगोळीचे रंग, उटण्याच्या पुड्या, गर्दी.

"ते काढून टाक," मी म्हटलं.

"काहून? खोटं हाय काय त्यात?"

"तो पेला नव्हता."

"मग काय झालतं त्याले? सांगा नं. सगळ्यायसमोर सांगा, आत्ता काढतो."

दुकानातले सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या जिभेवर शब्द आला होता. एक शब्द, आणि सगळं मिटलं असतं. पण तो शब्द माझा नव्हता.

"उपाशी होता," मी म्हटलं.

"उपाशी मानूस आई-बहिनीवर शिव्या देते काय काकू?"

लोक हसले. मी परत आले. रात्री जेवताना नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, "सांगून टाकायचं होतं. त्याचं नाव खराब झालं." मी म्हटलं, "त्याचं नाव हाय, त्याले ठरवू दे." तो म्हणाला, "मग तू भांडाले कायले गेली?" दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं भाऊंच्या गावच्या एका माणसाला गाठून डाकेचा गठ्ठा दोरीला हात न लावता पोस्टात पोहोचवला.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी मी दारात रांगोळी घालत होते. एक बाई ऑटोतून उतरली. गडद हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात मोबाइल. मी तिला आधी पाहिलं नव्हतं, पण तिनं मोबाइल ज्या प्रकारे धरला होता त्यावरून मला कळलं, ही भाऊंची बायको.

"हे घर का?" तिनं विचारलं आणि ओसरीच्या फरशीकडे पाहिलं. मग मोबाइलकडे. मग पुन्हा फरशीकडे. तीच फरशी होती.

"या वहिनी. बसा."

ती बसली नाही. "मले एकच सांगा. पेले होते का?"

मी हातातली रांगोळी खाली ठेवली.

"आधी पेत होते," ती म्हणाली. "लय वर्सं झाले. लेकाच्या डोक्यावर हात ठेवून सोडली. त्या दिवसापासून मी त्यायले एक सबूद बोलली नाही कधी. काल दवाखान्यात गेली तर म्हनते, चक्कर आली. डॉक्टरीनबाईले विचारू देत नाहीत, तोंड फिरवते. अन् हे," तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला, "हे माह्या सुनेच्या माहेरून आलं मले. आज लक्षुमी हाय. मी आज घरात पूजा करू का लेकाले घेऊन निघून जाऊ, एवढंच मले पाह्यजे. तुमी जवळ होत्या. तुमी त्यायच्या तोंडाचा वास घेतला असन."

मी म्हटलं, "घेतला. नव्हते पेले."

"शपथ घ्या."

"शपथ कायले? नव्हते."

"मग असे कायले करत होते? मी पाह्यलेले हायत ते पेलेले. असेच करतात."

जाऊ दारात येऊन उभी होती. तिला दवाखान्यातलं काही माहीत नव्हतं, तीही माझ्याकडेच बघत होती. मी त्या बाईच्या हाताकडे पाहिलं. मोबाइल तिनं अजून माझ्यापुढेच धरला होता. भाऊ म्हणाले होते, म्हणू द्या. गावाला म्हणू दिलं असतं मी. पण ही गाव नव्हती.

"त्यायले साखरेची बिमारी हाय," मी म्हटलं. "गोळी घेतली अन् जेवले नाही. म्हनून पडले."

ती पायरीवर बसली. मला वाटलं ती रडेल, किंवा हायसं वाटून काही बोलेल. तिनं मोबाइल बंद केला आणि पदराच्या टोकात गुंडाळला.

"कवापासून?"

"मले नाही मालूम."

"रोज दोन चम्मच साखर टाकून चहा देतो मी त्यायले," ती म्हणाली. "पेते. काही म्हनत नाही. पेते अन् जाते."

मग तिचा आवाज चढला. "माह्या भावाच्या वेळेस मी दवाखान्यात राह्यली, ड्रेसिंग केलं, सगळं केलं. मले येत नव्हतं का हे? मले सांगाले काय झालतं?" ती माझ्यावरच ओरडत होती, आणि मी ऐकून घेत होते. जावेनं तिच्यापुढे पाणी ठेवलं. तिनं ते घेतलं नाही. उठली, पदर सारखा केला. "बरं केलं सांगितलं," असंही ती म्हणाली नाही. ऑटो उभाच होता. जाता जाता फक्त एवढं विचारलं, "पाक कोनी लावला?" जावेनं माझ्याकडे बोट दाखवलं. ती माझ्याकडे बघून थांबली आणि गेली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. पाडव्याला ती दवाखान्यातून डॉक्टरांचा कागद घेऊन थेट आमच्या गावात आली, आणि आमच्याकडे न येता दुकानात गेली. तिथे काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण गिऱ्हाइकं बाहेर येऊन उभी राहिली होती. त्या दिवशी व्हिडिओ ग्रुपवरून निघाला. दुकानदार मला काही बोलला नाही, आजही तो विषय काढत नाही. इतरांच्या मोबाइलमध्ये असेल तो अजून कुठेतरी. व्हिडिओ पोस्टातल्या साहेबांपर्यंतही गेला होता. भाऊंना बोलावणं आलं, तोच कागद तिथे दाखवावा लागला. जे ते लपवत होते ते सगळं आठवडाभरात सगळ्यांना माहीत झालं. त्यांना गाडीवरून कुणी उतरवलं नाही. साहेब एवढंच म्हणाले म्हणे, जेवल्याशिवाय निघायचं नाही.

भाऊ परत कामावर आले ते दिवाळीनंतर बऱ्याच दिवसांनी. चढावर गाडी अडली, उधळली. मी बॅग घेऊन दारात गेले. सगळ्या बायांना बोलवायचं मनातच राहिलं होतं, एकटीनंच दिली. त्यांनी घेतली. पट्टा ओढून पाहिला. माझ्याकडे पाहिलं नाही. "सही करा," म्हणाले, पाकीट दिलं आणि गेले.

मग कितीतरी दिवस तसंच. पाकीट असलं तर ओसरीच्या कठड्यावर ठेवायचे, सही हवी असली तर जावेकडून घ्यायचे. नव्या बॅगेतून डाक काढायचे, पण माझ्याशी बोलायचे नाहीत. जाऊ चिडायची. "जीव वाचवला अन् वर तोंड फिरवते!" मला राग येत नव्हता असं नाही. मशीनवर बसून मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायचे. तुमची बायको माझ्या दारात उभी होती, मी काय करायला हवं होतं?

थंडी ओसरत आली होती. तुरी कापून झाल्या होत्या. एका दुपारी गाडी थांबली आणि ते पायरीपर्यंत आले. पाकीट नव्हतं हातात.

"पानी देता का ताई?"

मी तांब्या आणला. ते उभ्यानंच प्यायले, तांब्या परत दिला. मग म्हणाले, "तुमी सांगितलं ते बरं केलं असं मी म्हननार नाही."

"नका म्हनू."

"चहा बंद केला तिनं माहा. सकाळ-संध्याकाळ फोन करते, कुठी पोचले, काय खाल्लं. गाडी चालवू का फोन उचलू? लोक दारात विचारतात, साखर किती हाय. जसं काही सोयाबीनचा भाव विचारून राह्यले."

मला हसू येत होतं पण मी आवरलं. त्यांचा चेहरा रागावलेलाच होता.

"मेलो असतो मी इथं?" त्यांनी एकदम विचारलं. फरशीकडे बघत.

"मले नाही मालूम भाऊ."

"मालूम नसताना लावला पाक?"

"हाव."

त्यांनी मान हलवली. पुढच्या घरी जायला निघाले, आणि वळून म्हणाले, "तुमचे वडील माह्यासोबत बोलत बसत. औषध आनलं का मले बसवून घेत. मी म्हटलं लघवी जास्त होते, त त्यायनच सांगितलतं मले, एकडाव तपासून घ्या म्हनून. तपासलं त साखर निघालीच."

एवढं बोलून ते गेले. मी तांब्या हातात घेऊन तिथेच उभी राहिले. वडील आत खाटेवर पडल्या पडल्या या माणसाशी काय बोलायचे, हे मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, शेतीचं, गावाचं.

या दिवाळीला ते आले तेव्हा मागच्या सीटवर त्यांची बायको होती. माझ्या ओसरीत सगळ्या बायका जमल्या होत्या, टॉवेल-टोपी, शेव, चिवडा सगळं ताटात मांडलेलं. जावेनं त्यांना पुढे बोलावून टिळा लावला. त्यांना कसंतरीच होत होतं, उन्हात उभं केल्यासारखे उभे होते, शर्टाची वरची गुंडी लावलेली. समोरून दुकानदारानं एक उटण्याची पुडी आणून ताटात ठेवली आणि काही न बोलता परत गेला. भाऊंनी ती पाहिली, काढून टाकली नाही.

त्यांच्या बायकोनं पिशवीतून डबा काढला. "हे तुमाले," मला म्हणाली. आत ज्वारीच्या पिठाचे तिखट शंकरपाळे होते. तिनं केलेले, तीळ लावून.

"दिवाळीत डाकवाल्यानं फराळ देला असं कुठी असते का?" एक बाई हसत म्हणाली.

"खाऊन पाहा आधी," ती म्हणाली. "मीठ जास्त झालं हाय."

खरंच झालं होतं. आम्ही सगळ्यांनी खाल्ले. भाऊ तोवर घड्याळ बघत होते. तांड्यावरची डाक राहिली होती, आणि बायकोला सोबत घेऊन चढ चढायचा होता.